स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवताना कोणतं व्याकरण आधी घ्यावं

प्रश्न असा आला आहे: पुण्यातल्या एक शिक्षिका बरीच वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतात. आता त्यांना ऑनलाइन वर्गासाठी मेक्सिको आणि कोलंबियातले नोकरदार विद्यार्थी मिळाले आहेत. नेहमीचं व्याकरणाचं पुस्तक त्यांच्यापुढे चालत नाही. ज्यावर आपण तासन् तास घालवतो ते त्यांना आधीच येतं आणि भलत्याच ठिकाणी ते अडखळतात. मग या लोकांसाठी अत्यावश्यक व्याकरण कोणतं आणि कोणत्या क्रमाने घ्यायचं?

मराठी मुलांच्या चुकांची यादी बाजूला ठेवा. आपला विद्यार्थी ‘द’ गाळतो, स्पॅनिशवाला नको तिथे घालतो. आपला विद्यार्थी ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतो, स्पॅनिशवाला जिथे ‘-इंग’ हवं तिथे साधा वर्तमानकाळ वापरतो. त्याचं चुकलेलं इंग्रजी वाक्य म्हणजे बहुतेक वेळा अगदी शुद्ध स्पॅनिश वाक्य असतं, वर इंग्रजी शब्द चढवलेले. म्हणून त्याला व्याकरण पहिल्या धड्यापासून नको. दोन भाषांचे रस्ते जिथे फुटतात तेवढ्याच जागा हव्यात.

एक नमुना घेऊ. ए-२ पातळीच्या, म्हणजे भाषा-पातळ्यांच्या युरोपीय मोजपट्टीवर दुसऱ्या पायरीवरच्या, विद्यार्थ्याला बहिणीबद्दल लिहायला सांगितलं, तर साधारण असं हाती येतं:

‘माय सिस्टर हॅज थर्टी इयर्स. इज डॉक्टर. वर्क इन अ हॉस्पिटल व्हेरी बिग. लिव्ह विथ हिज हजबंड इन द हाउस ऑफ माय मॉम. शी लाइक्स व्हेरी मच हिज वर्क.’

आणि त्याच्या डोक्यातलं स्पॅनिश हे:

‘मी एर्माना तिएने त्रेइन्ता आन्योस. एस दोक्तोरा. त्राबाखा एन उन ओस्पिताल मुय ग्रान्दे. बिबे कोन सु एस्पोसो एन ला कासा दे मी मामा. ले गुस्ता मुचो सु त्राबाखो.’

दोन्ही उतारे ओळीखाली ओळ ठेवून वाचा. जवळजवळ शब्दाला शब्द बसतो. या पाच वाक्यांत सुरुवातीच्या आठवड्यांचा बराचसा अभ्यासक्रम आहे.

सर्वांत आधी कर्ता घ्या. ‘इज डॉक्टर’, ‘वर्क इन’, ‘लिव्ह विथ’ या तिन्ही ठिकाणी ‘शी’ गायब आहे. स्पॅनिशमध्ये ‘त्राबाखो’ म्हणजे मी काम करतो, ‘त्राबाखास’ म्हणजे तू, ‘त्राबाखा’ म्हणजे तो किंवा ती, ‘त्राबाखामोस’ म्हणजे आम्ही. शेपटीवरून माणूस कळतो, मग सर्वनाम कशाला? आपणही ‘उद्या येतो’ म्हणून फोन ठेवतो, ‘मी’ म्हणत नाही. इंग्रजीच्या शेपट्या मात्र झडून गेल्या, उरला एक ‘-स’. म्हणून तिथे सर्वनाम सक्तीचं झालं. हे कारण प्रौढ विद्यार्थ्याला दोन मिनिटांत सांगा. कारण कळलं की तो स्वतःच शोधू लागतो.

खरी गोची ‘इट’ची आहे. ‘एस्ता योबिएन्दो’ या वाक्यात कर्ताच नाही. आपण निदान ‘पाऊस पडतोय’ म्हणतो, पाऊस तरी कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये तेही नाही, त्यामुळे ‘इज रेनिंग’, ‘इज लेट’, ‘इज इम्पॉर्टंट टू स्टडी’ ही वाक्यं वर्षानुवर्षं सुटत नाहीत. ‘इट म्हणजे काय?’ असं विद्यार्थी विचारणारच. काहीही नाही, ती जागा अडवून ठेवायला टाकलेली रुमालाची घडी आहे, असं सांगून मोकळं व्हा. वेळ, हवा, अंतर आणि ‘इट इज अमुक टू तमुक’ या चार साच्यांत रोज दहा वाक्यं, दोन आठवडे. याला जवळचा रस्ता नाही.

त्याला लागूनच ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’. स्पॅनिशमध्ये यासाठी एकच शब्द आहे. लिहिताना सुरुवातीला ‘ह’ असतो, उच्चार मात्र आपल्या ‘आय’सारखा. एक असो की शंभर, तो बदलत नाही. म्हणून ‘देअर इज मेनी प्रॉब्लेम्स’ येतं. भर म्हणजे ‘खेन्ते’, लोक, हा शब्द स्पॅनिशमध्ये एकवचनी आहे, म्हणून ‘द पीपल इज हॅपी’. दोन्ही चुका एकाच वाक्यात भेटतात: ‘देअर इज मच पीपल’. हे वाक्य फळ्यावर लिहून त्यालाच दुरुस्त करायला लावा. ‘इट इज अ प्रॉब्लेम इन द ऑफिस’ अशी ‘इट’ आणि ‘देअर’ची अदलाबदलही होते. नवी गोष्ट पहिल्यांदा सांगताना ‘देअर’, सांगून झालेल्या गोष्टीकडे बोट दाखवताना ‘इट’, एवढा भेद पुरतो.

आता ‘हॅज थर्टी इयर्स’. स्पॅनिशमध्ये वय, भूक, तहान, थंडी, उकाडा, भीती, झोप, घाई, नशीब आणि बरोबर असणं, हे सगळं ‘तेनेर’ म्हणजे ‘असणे, जवळ बाळगणे’ या क्रियापदाने सांगतात. माणसाजवळ वर्षं असतात, भूक असते, घाई असते. इंग्रजीत हे सगळं ‘बी’कडे जातं: ओल्ड, हंग्री, थर्स्टी, कोल्ड, हॉट, अफ्रेड, स्लीपी, इन अ हरी, लकी, राइट. हे दहा शब्द एका बैठकीत द्या, दहाही ‘आय अ‍ॅम’ लावून. नियम म्हणून सांगण्यासारखं इथे काही नाही, यादी आहे. याच्या उलट दिशेची एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती त्याच दिवशी उरकावी: ‘आय अ‍ॅम अग्री’. स्पॅनिशमध्ये माणूस ‘सहमतीत असतो’, इंग्रजीत ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे.

‘बी’चा विषय निघालाच आहे तर आणखी एक बारकावा. स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. पुस्तकं म्हणतात की दोनाचं एक करायचंय म्हणजे स्पॅनिशवाल्याला सोपं. बहुतेक वेळा खरंही आहे. पण ‘सोय आबुर्रिदो’ म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे आणि ‘एस्तोय आबुर्रिदो’ म्हणजे मला कंटाळा आलाय. विशेषण तेच, बदलतं क्रियापद. इंग्रजीत क्रियापद तेच राहतं आणि विशेषण बदलतं: बोरिंग, बोर्ड. म्हणून विद्यार्थी हसतमुखाने ‘आय अ‍ॅम बोरिंग’ सांगून जातो. इंटरेस्टिंग-इंटरेस्टेड, टायरिंग-टायर्ड, कन्फ्यूजिंग-कन्फ्यूज्ड या जोड्या इथेच घ्या.

‘इज डॉक्टर’मध्ये ‘अ’ गळला आहे, कारण स्पॅनिशमध्ये व्यवसायापुढे उपपद लागत नाही. उपपदांकडे परत येऊ.

‘हॉस्पिटल व्हेरी बिग’ हा क्रम लवकर सुधारतो. चिवट असतं ते विशेषणाचं अनेकवचन. ‘लोस कार्रोस रोखोस’मध्ये गाड्याही अनेकवचनी आणि लालही अनेकवचनी, म्हणून क्रम सुधारल्यावरही ‘द रेड्स कार्स’, ‘डिफरंट्स पीपल’, ‘अदर्स थिंग्ज’ उरतात. मराठीत चांगला, चांगली, चांगले होतं, त्यामुळे हा मोह तुम्हाला चटकन समजेल. इंग्रजी विशेषणाला लिंग नाही, वचन नाही. ‘धिस’ आणि ‘दॅट’ तेवढे अपवाद.

‘हिज हजबंड’ हे मात्र नीट समजून घ्या, कारण पहिल्यांदा ऐकताना शिक्षकच गोंधळतो. स्पॅनिश ‘सु’ म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा आणि आदरार्थी ‘तुमचा’ही. मालक कोण ते ‘सु’ सांगतच नाही. त्यामुळे विद्यार्थी एक शब्द पकडतो, बहुधा ‘हिज’, आणि सगळीकडे तोच लावतो. ‘युअर’च्या जागीही ‘हिज’ येतं. मराठी इथे इंग्रजीच्या बाजूची आहे: ‘तिचा नवरा’ म्हणताना मालकीण ‘ति-’मध्ये दिसते. सराव असा घ्या: वाक्य बोलण्याआधी मालकाच्या नावावर बोट ठेवायचं, मालक बाई असेल तर ‘हर’, मग वस्तू कुठलीही असो. ‘द हाउस ऑफ माय मॉम’ व्याकरणाने चूक नाही, पण कानाला खटकतं. मालक आधी, ‘-स’ मध्ये, वस्तू नंतर. ‘आईचं घर’ हाच क्रम.

शेवटचं वाक्य: ‘शी लाइक्स व्हेरी मच हिज वर्क’. ‘मे गुस्ता एल काफे’ची रचना आपल्या ‘मला कॉफी आवडते’सारखी आहे. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं: ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. इंग्रजीत आवडणाराच कर्ता होतो, हे मराठी माणसाला जितकं उलटं वाटलं असेल तितकंच त्यांनाही वाटतं. ‘लाइक’ मात्र ते लवकर शिकतात. राहते ती ‘मुचो’ची, म्हणजे ‘खूप’ची जागा. नियम एकच सांगा: क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये पाचर मारायची नाही. ‘आय स्पीक व्हेरी वेल इंग्लिश’ नाही, ‘आय स्पीक इंग्लिश व्हेरी वेल’.

या उताऱ्यात न आलेला, तरी सर्वांत मोठा विषय म्हणजे ‘डू’. स्पॅनिशमध्ये प्रश्न करायला वेगळा शब्द लागत नाही, सूर बदलला की झालं. लिहिताना सूर दिसत नाही, म्हणून उलटं प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाच टाकायची पद्धत स्पेनच्या राजेशाही भाषा अकादमीने 1754 मध्ये आणली. आपल्याकडे शेवटी ‘का’ येतो, इंग्रजीत सुरुवातीला ‘डू’. तेव्हा ‘डू’ म्हणजे इंग्रजीचं ते उलटं प्रश्नचिन्ह आहे, असं म्हटलं की स्पॅनिशवाल्याला जागा लगेच कळते.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची. ‘शी वर्क्स’ या वाक्यात ‘डज’ लपलेला आहे असं दाखवा: ‘वर्क्स’ म्हणजे ‘डज’ अधिक ‘वर्क’. प्रश्न करताना ‘डज’ बाहेर काढून पुढे ठेवला की मागे नुसतं ‘वर्क’ उरतं. नकार करताना ‘डज’ला ‘नॉट’ चिकटतं, मागे पुन्हा ‘वर्क’. ‘वेंट’ म्हणजे ‘डिड’ अधिक ‘गो’. भूतकाळाचा शिक्का ‘डिड’वर मारून झाला, तो ‘गो’वर पुन्हा मारायचा नाही. ‘डिड यू वेंट’, ‘शी डोन्ट वर्क्स’, ‘डज शी वर्क्स’ या तिन्ही चुका याच एका आकृतीने सुटतात. कागदाच्या पट्ट्यांवर लिहून सरकवून दाखवा, स्क्रीनवर असाल तर चौकटी हलवा. तोंडी स्पष्टीकरणापेक्षा हे सरकणं लक्षात राहतं.

दुहेरी नकार याच आठवड्यात. ‘नो तेंगो नादा’ हे स्पॅनिशमध्ये शुद्ध आहे, म्हणून ‘आय डोन्ट हॅव नथिंग’. इंग्रजीत वाक्यात नकार एकदाच: क्रियापदावर असेल तर पुढे ‘एनीथिंग’, ‘एनीबडी’, ‘एव्हर’.

आणि ‘यू आर फ्रॉम इंडिया, नो?’ हे ऐकून हसू नका. आपला ‘ना?’ त्याच घराण्यातला.

अप्रत्यक्ष प्रश्नात तुमचे जुने आणि नवे विद्यार्थी एकाच खड्ड्यात पडलेले दिसतील: ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द स्टेशन’. इथे तुमची नेहमीची पद्धतच वापरा.

आता उपपदं. मराठीत उपपद नाही, त्यामुळे आपण गाळतो. स्पॅनिशमध्ये ते आहे आणि इंग्रजीपेक्षा जास्त ठिकाणी लागतं. सरसकट विधान करताना स्पॅनिश उपपद मागते: आयुष्य कठीण आहे, पेट्रोल महाग आहे, मुलांना खेळायला आवडतं. म्हणून ‘द लाइफ इज हार्ड’, ‘द गॅसोलीन इज एक्स्पेन्सिव्ह’. विद्यार्थ्याला ‘द’च्या प्रत्येक वापराशी एक प्रश्न विचारायला शिकवा: कोणतं? उत्तरात बोट दाखवता आलं, म्हणजे ‘कालचं’, ‘टेबलावरचं’, ‘तू म्हणालास ते’, तर ‘द’ ठेवा. ‘कोणतंही, सगळंच’ असं उत्तर आलं तर काढा. दहा सरसकट विधानं लिहून घ्या आणि त्यालाच ‘द’ खोडायला लावा. खोडण्याचा सराव महत्त्वाचा, कारण भर घालायचं त्याला शिकवावंच लागत नाही.

काही ठरावीक जागा पाठच कराव्या लागतात. ‘तोदोस लोस दियास’मुळे ‘ऑल द डेज’ येतं, हवं ‘एव्हरी डे’. ‘द मोस्ट ऑफ द पीपल’ऐवजी ‘मोस्ट पीपल’. ‘द नेक्स्ट मंडे’ऐवजी ‘नेक्स्ट मंडे’. ‘आय गो टू द वर्क’मधला ‘द’ काढा. ‘द मिस्टर गार्सिया’मधलाही. शरीराच्या अवयवांपुढे स्पॅनिश ‘द’ लावते, इंग्रजी मालक सांगते: ‘आय वॉश माय हँड्स’. उलट ‘अ’ गळतो तो व्यवसायापुढे, एवढं सांगितलं की झालं. ‘अ’ आणि ‘वन’ यांची गल्लतही होते, कारण स्पॅनिश ‘उन’ दोन्हींचं काम करतो. मोजत असाल तरच ‘वन’.

काळांमध्ये सर्वांत जास्त वेळ ‘हॅव’वाल्या काळाला लागतो आणि इथे मराठी शिक्षकाने स्वतःलाही तपासावं. ‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ आणि ‘बिबो आकी देस्दे आसे सिन्को आन्योस’ या दोन्हींत वर्तमानकाळ आहे. म्हणून तो ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतो आणि आपल्यातले अनेक जण ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. दोन्ही चूक. पूर्वी सुरू झालं आणि अजून चालू आहे तिथे ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’.

‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘अगो’ यांचा गुंता स्पॅनिशच्याच खुणांवरून सोडवता येतो. वाक्यात नुसतं ‘देस्दे’ असेल आणि पुढे सुरुवातीचा क्षण, जसं 2019, सोमवार, लग्न, तर ‘सिन्स’. ‘देस्दे आसे’ जोडीने आलं आणि पुढे कालावधी असेल तर ‘फॉर’. नुसतं ‘आसे’ असेल आणि क्रियापद भूतकाळात, तर ‘अगो’. आणि ‘अगो’ कालावधीच्या नंतर येतो, आधी नाही. ही तीन ओळींची किल्ली वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला सांगा.

विद्यार्थी कुठला आहे ते इथे विचारा. स्पेनच्या बऱ्याच भागात आजच्या दिवसात घडलेल्या गोष्टीला ‘हॅव’सारखा काळ वापरतात, म्हणून माद्रिदचा माणूस ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग अ‍ॅट नाइन’ म्हणेल. घड्याळाची वेळ सांगितली की इंग्रजीत साधा भूतकाळ. मेक्सिको आणि कोलंबियात उलट, तिथे साधा भूतकाळच जास्त चालतो, म्हणून ‘आय ऑलरेडी एट’ ऐकू येईल. ते दुरुस्त करू नका, अमेरिकी इंग्रजीत ते रोजचं आहे आणि या लोकांना बोलायचंही अमेरिकनांशीच असतं.

साधा वर्तमान स्पॅनिशमध्ये फार कामं करतो. ‘के आसेस?’ म्हणजे ‘काय करतोयस?’ही. म्हणून फोनवर ‘व्हॉट डू यू डू?’ असं विचारतात आणि समोरचा आपला व्यवसाय सांगतो. ‘उद्या फोन करतो’ अशा अर्थाने ‘आय कॉल यू टुमॉरो’ येतं, हवं ‘आय विल कॉल यू’. ‘खिडकी उघडू?’ला ‘आय ओपन द विंडो?’ येतं, हवं ‘शाल आय’ किंवा ‘डू यू वाँट मी टू’. मराठी मुलांना आपण ‘-इंग’ कमी वापरायला सांगतो. तीच सूचना सवयीने इथे दिलीत तर चूक पक्की होईल.

काल आणि आजचा सराव ऑनलाइन घेताना घड्याळ सांभाळा. पुण्यात सकाळचे सात म्हणजे मेक्सिको सिटीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात, बोगोतात साडेआठ. तुमचा ‘टुडे’ त्यांचा ‘टुमॉरो’ असतो आणि निम्मा तास चुकीच्या दिवसावर वाद घालण्यात जातो.

बी-१ च्या, म्हणजे पुढच्या पायरीच्या, उंबरठ्यावर एक रचना शिकवलीत तर बोलणं एकदम सुधारतं: ‘किएरो के मे आयुदेस’. यातला ‘के’ म्हणजे ‘की’, म्हणून ‘आय वाँट दॅट यू हेल्प मी’. इंग्रजीत ‘आय वाँट यू टू हेल्प मी’. वाँट, नीड, आस्क, टेल, एक्स्पेक्ट, वुड लाइक ही सगळी याच साच्यात. ऑफिसात काम करणाऱ्याला दिवसातून वीस वेळा हे लागतं. ‘सजेस्ट’ मात्र या साच्यात बसत नाही, ‘शी सजेस्टेड मी टू गो’ हे चूक. तिथे ‘दॅट’च चालतो.

क्रियापदाचं मूळ रूप कुठे आणि ‘-इंग’ कुठे, याचाही उगम एकच आहे. स्पॅनिशमध्ये शब्दयोगी अव्ययानंतर मूळ रूप येतं, इंग्रजीत ‘-इंग’: ‘बिफोर ईटिंग’, ‘थँक्स फॉर कमिंग’. विद्यार्थी ‘बिफोर टू ईट’, ‘थँक्स फॉर कम’ म्हणतो. हेतू सांगताना ‘पारा’ म्हणजे ‘साठी’ या शब्दाचं भाषांतर करून ‘आय केम फॉर लर्न’ किंवा ‘फॉर टू लर्न’ म्हणतो, हवं नुसतं ‘टू लर्न’. वाक्याच्या सुरुवातीला नाम म्हणून क्रियापद आलं तरी ‘-इंग’: ‘स्मोकिंग इज बॅड’. ‘कॅन’ आणि ‘मस्ट’नंतरचा ‘टू’ कापून टाका.

शब्दयोगी अव्ययांना तर्क लावत बसू नका. ‘एन’ या एका शब्दाचे इंग्रजीत इन, ऑन, अ‍ॅट असे तीन तुकडे होतात. वेळेपुरता नियम चालतो, म्हणजे घड्याळाला अ‍ॅट, वाराला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन. बाकी क्रियापदासकट जोडी पाठ: डिपेंड ऑन, मॅरीड टू, ड्रीम अबाउट, थिंक अबाउट, कन्सिस्ट ऑफ, अराइव्ह अ‍ॅट. ते अनुक्रमे ‘ऑफ’, ‘विथ’, ‘विथ’, ‘इन’, ‘इन’ आणि ‘टू’ वापरतील. ‘लिसन म्युझिक’, ‘वेट द बस’मध्ये अव्यय गळेल आणि ‘एक्स्प्लेन मी’मध्ये ‘टू’. तुलनेत ‘मोर बिग’ आणि ‘बिगर दॅट’ येतात. ‘के’ तुलनेतही वापरला जातो म्हणून ‘दॅन’च्या जागी ‘दॅट’.

एक गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. ‘शी वर्क’ ही चूक नेहमी व्याकरणाचीच असते असं नाही. क्यूबा, पोर्तो रिको, कोलंबियाचा कॅरिबियन किनारा, चिली, स्पेनमधला आंदालुसिया, इथे बोलताना शब्दावयवाच्या (सिलेबलच्या) शेवटचा ‘स’ विरळ होतो, ‘ह’सारखा होतो किंवा गळतो. बोगोता आणि मेक्सिको सिटीत तो स्पष्ट असतो, पण ‘वर्क्स’, ‘आस्क्स’ असा शेवटचा जोडाक्षराचा पुंजका तिथेही जड जातो. निदान सोपं आहे: तेच वाक्य लिहायला सांगा. लिहिताना ‘-स’ आला आणि बोलताना गेला, तर नियम पुन्हा समजावण्यात अर्थ नाही, जिभेचा सराव द्या. पुढच्या शब्दाचा स्वर ‘स’ला जोडून घ्या: ‘वर्क-सिन’, ‘लिव्ह-झिन’.

‘-एड’चंही तसंच. ते ‘वर्केड’, ‘लिव्हेड’ वाचतात. ‘वर्क्ट’, ‘लिव्ह्ड’, ‘वाँटिड’ असे तीन उच्चार आणि ‘ट’ किंवा ‘ड’ने संपणाऱ्या क्रियापदालाच जास्तीचा स्वर, हा नियम एका तासात होतो. सुरुवातीच्या ‘एस्कूल’, ‘एस्पेन’कडे पाहिलंत तर उत्तरेतला ‘इस्कूल’ आठवेल. उपाय: ‘स’ लांबवत सुरुवात, ‘सsss-कूल’. ‘शिप’ आणि ‘शीप’ त्यांच्या कानाला एकच वाटतात, कारण स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, ऱ्हस्व-दीर्घ नाही. तुम्हाला देवनागरीमुळे हा भेद रक्तात आहे, त्याचा उपयोग करा.

लिहिताना वार, महिने, भाषा आणि राष्ट्रीयत्व मोठ्या लिपीत लागतात हे एकदा सांगून ठेवा, स्पॅनिशमध्ये ते छोट्या लिपीत असतात. फसवे शब्द, म्हणजे इंग्रजीसारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे, जसे येतील तसे घ्या, यादी देऊ नका. ‘एम्बारासादा’ म्हणजे ‘एम्बॅरस्ड’ नव्हे, गरोदर; ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे ‘अ‍ॅक्च्युअली’ नव्हे, सध्या; ‘आसिस्तिर’ म्हणजे ‘असिस्ट’ नव्हे, हजर राहणे. एवढे तीन पहिल्या आठवड्यातच लागतील.

आठवड्याला तीन तास धरले तर क्रम असा ठेवते: पहिले दोन आठवडे कर्ता, ‘इट’, ‘देअर’ आणि ‘तेनेर’वाले दहा शब्द. पुढचे तीन ‘डू’, नकार आणि प्रश्न. मग एक आठवडा ‘हिज-हर’, ‘-स’ आणि विशेषणं. त्यानंतर दोन आठवडे ‘द’ खोडणं. नवव्या आठवड्यापासून काळ, तेही ‘फॉर-सिन्स-अगो’पासून. ‘वाँट यू टू’ त्याच्या मागोमाग. तिसऱ्या प्रकारची जर-तर वाक्यं आणि कर्मणी प्रयोगाचे रूपबदल सहा महिने कपाटात राहू द्या. कर्मणीचं रूप त्यांच्या भाषेत असंच बनतं, ते आपोआप येतं.

आणि स्वतःच्या तोंडातल्या खास भारतीय इंग्रजीवर लक्ष ठेवा. ‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’, ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘पास्ड आउट इन 2015’ हे आपण सहज बोलून जातो. मराठी विद्यार्थ्याला ते घरचंच वाटतं. मेक्सिकोतल्या मोन्तेर्रेचा विद्यार्थी ते जसंच्या तसं उचलतो आणि टेक्सासमधल्या साहेबाला सांगतो की मी 2015 साली कॉलेजात बेशुद्ध पडलो.